चौघांत एकच तोफ पुरे

‘दादा, सगळ्यात भारी बंदूक कोणती?’ ‘हेलडायव्हर्स २’ खेळताना भावंडं मला हमखास विचारतात. मी उलट विचारतो, बाकीच्या तिघांनी काय घेतलंय?

२०२४ साली आलेल्या या खेळात चौघे एकत्र उतरतात आणि आपली गोळी आपल्याच सोबत्यालाही लागते. रिकॉइललेस रायफल चिलखती चार्जरला लोळवते, पण प्रत्येक गोळ्यानंतर पुन्हा भरावी लागते. सोबत्याने दारूगोळ्याची पिशवी पाठीवर घेऊन ती भरून दिली, तर मारा झपाट्याने होतो. चौघांनीही तीच घेतली, तर पायाशी आलेल्या बारक्या किड्यांना कोण आवरणार? तिथे मशीनगनवालाच हवा. आर्क थ्रोअरची वीज मात्र सोबत्यालाही सोडत नाही, म्हणून तो नवख्याच्या हाती नको.

माझी आवड ईएटी-१७. एकदा मागवली की दोन येतात, दुसरी सोबत्याची.