मातीतून उतरतो नटाचा चेहरा
ओळख पटवणारी कला आणि गावच्या पुतळ्याचा हिशोब

पोळा जवळ आला की आपल्या घरची पोरं मातीचे बैल करायला बसतात. बहुतेकांचा बैल हा नुसता बैल असतो. पण एखाद्याच्या हातून असा उतरतो, की बघणारा म्हणतो, "अरे, हा तर आपला पवळ्या!" अशा पोराकडे जरा लक्ष द्या. कारण याच नजरेवर पुढे माणसाचा, सिनेनटाचा हुबेहूब पुतळा उभा राहतो. आणि ही नजर नसलेल्या माणसाला काम दिले, तर गावाने वर्गणी काढून उभारलेल्या पुतळ्याचा चेहरा भलत्याच माणसाचा निघतो.

नाते आपल्याच मातीशी

चित्रपट आणि मूर्तिकाम यांचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके १८७० साली आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मले. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले, त्यात मूर्तिकामही होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म केली होती. म्हणजे आपल्याकडचा पडदा सुरू झाला तोच बी उगवण्यापासून!

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) तर सुतारकाम आणि कोरीवकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यातले. चित्रकार, शिल्पकार आणि दिग्दर्शक एकाच माणसात. त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये सावकारापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर खरे दिसले, त्यामागे चेहरा वाचणारी ही शिल्पकाराची नजर होती.

काळी माती का नको?

आपली काळी माती कपाशीला, गव्हाला सोन्यासारखी. मूर्तीला मात्र नाही. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, वाळताना आकसतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, त्याच भेगा मूर्तीच्या गालावर पडतील. म्हणून कारागीर बारीक कणांची शाडू माती घेतात. आत लाकडाचा किंवा तारेचा सांगाडा, वर मातीचा थर. काम चालू असेतो ओले फडके आणि प्लास्टिकचा कागद झाकून ओल टिकवावी लागते. रोपवाटिका सांभाळावी तशीच.

साम्य कशात असते?

नवशिका आधी डोळे आणि मिशा करायला घेतो, आणि तिथेच फसतो. लांबून येणारा शेजारी आपण कशावरून ओळखतो? डोळ्यांवरून नव्हे; डोक्याची ठेवण, मान, खांदे यांवरून. शिल्पकारही आधी कवटीचा आकार, कपाळ, गालफडे, हनुवटी जमवतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरपे असे फोटो लावून कंपासने मापे घेतो. काम पुन्हा पुन्हा फिरवून पाहतो, आरशात पाहतो, बाजूच्या उजेडात तपासतो. नाक-डोळ्यांचे बारीक काम सगळ्यात शेवटी.

नटाचा चेहरा आणखी कठीण, कारण तो सगळ्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलेला असतो. हाफ पँट आणि लोंबती नाडी दाखवली की दादा कोंडके कोणीही ओळखेल. पण कपडे बाजूला ठेवून नुसत्या चेहऱ्यावरून ते ओळखू यायला हवेत. निळू फुल्यांची ती नजर मातीत आणायची, तर पापण्यांची जाडी आणि ओठांचे कोपरे केसभरही चुकून चालत नाही.

मेणाचे नट

मादाम तुसाँ यांनी १८३५ मध्ये लंडनला मेणाच्या पुतळ्यांचे कायमचे दालन उघडले. तिथे २००० साली अमिताभ बच्चन आणि २०१२ साली माधुरी दीक्षित यांचे पुतळे लागले. आपल्याकडे लोणावळ्यात सुनील कंडल्लूर यांनी असे संग्रहालय उभारले. रीत अशी: दोनशेच्या वर मापे, मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग साच्यात मेण. मेण थंड होताना आकसते म्हणून नमुना सुमारे २ टक्के मोठा करतात. केस सुईने एकेक करून रोवतात. एका पुतळ्याला काही महिने लागतात.

या कामात मधमाशीचे मेणही लागते. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळते. मधमाशीचे नाव निघालेच आहे, तर आमच्या खात्याची गोष्ट सांगून घेतो: कांद्याचे डोंगळे फुलावर असताना सकाळी फवारणी करू नका. गरजच पडली तर संध्याकाळी, माशा परतल्यावर करा. मेण राहू द्या, माशीच गेली तर बीही धरणार नाही.

ग्रामपंचायतीने काय पाहावे?

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी पुतळ्याचे काम देण्याआधी एवढे जरूर पाहावे:

१. सार्वजनिक जागी पुतळा उभारण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून परवानगीची रीत समजून घ्या. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते.

२. कारागिराने आधी केलेले चेहरे प्रत्यक्ष जाऊन, चारी बाजूंनी पाहा. फोटोवर भुलू नका.

३. नमुना ओला असतानाच त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या चार जणांना दाखवा. बदल मातीत होतो. ओतकाम झाल्यावर नाही.

४. आतला सांगाडा आणि चौथरा अभियंत्याकडून तपासून घ्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हे विसरू नका.

५. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. नमुना पसंत पडल्याशिवाय पुढचा हप्ता नको.

शेवटी पालकांना एक सांगणे. दिंडोरी तालुक्यात द्राक्षाने बरकत आणली, पण एका गारपिटीत वर्ष हातचे जाते हेही आपण भोगले आहे. घरात शेतीबरोबर दुसरा हुन्नर असला तर आधार होतो. पोराच्या हातून पवळ्या हुबेहूब उतरत असेल, तर 'मातीत काय खेळतोस' म्हणून त्याला उठवू नका. शाडूची एक गोणी आणून द्या, जवळच्या मूर्तिकाराकडे सुटीत पाठवा, चित्रकला शिक्षकांना भेटा. चेहरा ओळखणारा हात गावातच तयार झाला, तर उद्या गावच्या पुतळ्यासाठी परगावी फिरावे लागणार नाही.