डोंगरातला सोमल, दरीतला सोमल

गेल्या आठवड्यात आपण गंगेचं मैदान पाहिलं. तिथे आर्सेनिकशी खाणीचा काही संबंध नाही. हिमालयातून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटलेलं आर्सेनिक प्राणवायू नसलेल्या थरांत सुटं होतं आणि हातपंपातून घरात येतं. आजचं खोरं दक्षिण फ्रान्समधलं, कार्कासोन शहराच्या उत्तरेला डोंगरातून उतरणाऱ्या ऑर्बिएल नदीचं आहे. या खोऱ्यातल्या सालसीन्य इथली सोन्याची खाण शतकभर चालली आणि 2004 मध्ये बंद झाली. इथलं सोनं आर्सेनोपायराइट या खनिजाच्या सोबतीने सापडतं आणि त्या खनिजाच्या वजनाचा जवळपास 46 टक्के भाग आर्सेनिकच असतो. साहजिकच इथे वाद उभा राहतो: डोंगरातच आर्सेनिक असेल, तर दरीतल्या मातीचा दोष खाणीवर का टाकायचा?

या आक्षेपात तथ्य आहे. खनिजयुक्त खडकावरची माती खाण नसतानाही साध्या मातीपेक्षा जास्त आर्सेनिक बाळगते. पण खडकातलं आर्सेनिक आणि खाणीतून बाहेर पडलेलं आर्सेनिक यांची वागणूक एकसारखी नसते. अखंड खडकात हवापाणी फक्त भेगांतून शिरतं आणि खनिज फार सावकाश झिजतं. तोच खडक पिठासारखा दळून उघड्यावर टाकला की हवापाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. खनिज भट्टीत भाजलं तर त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल, बाहेर पडतो. तो पाण्यात विरघळतो, शिवाय धुराबरोबर दूरवर जाऊन पडतो. पुराचं पाणी कधीच पोचत नाही अशा उतारावर, भट्टीच्या वाऱ्याच्या दिशेला, फक्त वरच्या काही सेंटिमीटरांत आर्सेनिक साचलेलं असेल आणि खाली खडकाकडे जाताना ते घटत असेल, तर तो डोंगराचा वारसा म्हणता येत नाही. खडक झिजून तयार झालेल्या मातीत असा उलटा उतार सहसा दिसत नाही. म्हणून खाणीच्या वरच्या अंगाची आणि खालच्या अंगाची माती, तीही निरनिराळ्या खोलीवरची, शेजारी ठेवून तपासावी लागते. नुसत्या एका सरासरी आकड्यावरून काहीच ठरत नाही.

नदीकाठी मात्र डोंगरातून झिजून आलेला आणि खाणीतून आलेला असे दोन्ही गाळ एकमेकांत मिसळतात आणि नेमकी टक्केवारी काढणं खरोखर अवघड होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये या भागात भीषण पूर आला. पुढच्या वर्षी खोऱ्यातल्या मुलांच्या लघवीची तपासणी झाली, तेव्हा काही डझन मुलांमध्ये आर्सेनिक संदर्भ पातळीपेक्षा जास्त आढळलं. लघवीतलं आर्सेनिक साधारण गेल्या काही दिवसांतल्या संपर्काचा हिशेब देतं, म्हणजे ते रोजच्या जगण्यातून शरीरात जात होतं. त्या मुलांच्या दृष्टीने उगम कोणता, हा प्रश्न दुय्यम आहे. नैसर्गिक आर्सेनिकही तितकंच विषारी असतं, हे बिहार-बंगालने दाखवून दिलं आहे. अंगणातली माती बदलणं, पालेभाज्यांवर निर्बंध घालणं, हात धुण्याची सवय लावणं हे उपाय उगमाचा निकाल लागेपर्यंत थांबवणं मला अक्षम्य वाटतं.

उगमाचा निकाल हवा तो खर्च कोणी करायचा यासाठी, आणि सफाई कुठवर न्यायची हे ठरवण्यासाठी. डोंगराची मूळ पातळी आहे तिच्याखाली माती आणता येणार नाही. पण दळलेल्या खडकाचे ढीग झाकता येतात आणि त्यांतून झिरपणारं पाणी नदीला मिळण्याआधी अडवून शुद्ध करता येतं.