नुसता पिनियन बदलून भागत नाही

“शेठ, क्राऊन चांगला आहे. नुसता पिनियन टाकू, पैसे वाचतील.”

जुन्या पिकअपच्या मागच्या ॲक्सलचं हाऊसिंग उघडलं की हे वाक्य कानावर येतंच. क्राऊन म्हणजे त्यातलं मोठं दातेरी चक्र आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं. इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. मेस्त्री फसवत असतो असं नाही. बहुतेकदा तो मनापासून गिऱ्हाइकाचा खर्च वाचवायला बघतो. पण त्या बचतीपायी नारायणगावाहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली गाडी मध्यरात्री माळशेज घाटात उभी राहते आणि वाशीचा बाजार चुकतो. म्हणून हा गैरसमज एकदा नीट खोडून काढायला हवा.

गैरसमज : क्राऊनचे दात शाबूत दिसले तर एकटा पिनियन बदलता येतो.

वस्तुस्थिती : क्राऊन-पिनियन कारखान्यातून जोडीनं निघतात आणि जोडीनंच बदलायचे असतात. दात कापून झाले की दोन्ही भाग भट्टीत घालून त्यांचा वरचा थर कडक करतात. त्या उष्णतेत प्रत्येक तुकडा केसभर वाकतो, आणि कुठलेही दोन तुकडे सारखे वाकत नाहीत. मग एक क्राऊन आणि एक पिनियन एकमेकांत अडकवून, मध्ये घासणारी पेस्ट सोडून फिरवतात. याला लॅपिंग म्हणतात. त्यात दोघांचे दात एकमेकांच्या अंगाला बसतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. मग त्या जोडीचा नंबर दोघांवरही कोरतात.

हे कुणाला एकट्याचं मत वाटत असेल, तर त्यानं डाना कंपनीच्या स्पायसर ॲक्सलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडावं. हे भाग जुळवलेल्या सेटमध्येच पुरवले जातात आणि बसवण्याआधी दोन्हींवरचे नंबर पडताळावेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. हे घराणं आपल्याला परकं नाही. महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढं आलेल्या सीजे-3बी या जीपच्या मागे स्पायसर 44 हाच ॲक्सल होता.

त्याच मॅन्युअलात आणखी एक गोष्ट आहे. पिनियनच्या तोंडावर अधिक, उणे किंवा शून्य असा आकडा कोरलेला असतो. पिनियन नेमका किती आत किंवा बाहेर बसवायचा, ते हा आकडा इंचाच्या हजाराव्या भागात सांगतो. जुन्यावर +2 आणि नव्यावर -3 असेल, तर शिमच्या, म्हणजे पिनियनची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्यांच्या, जाडीत पाच हजारांश इंचांचा फरक करावा लागतो. जुन्याच शिम घालून नट आवळणारा माणूस हे माप अंदाजावर सोडून देतो.

आता “क्राऊन चांगला आहे” या म्हणण्याकडे वळू. सीजे-3बीच्या मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊनला 43 दात आणि पिनियनला 8 दात असतात. म्हणजे रेशो साधारण 5.38. 43 आणि 8 या आकड्यांना सामाईक भाजक नाही, आणि ही निवड मुद्दाम केलेली असते. त्यामुळं पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. पण पिनियनचा एक दात उडाला की हीच व्यवस्था उलटते. सरळ जाताना चाकाच्या 8 फेऱ्यांत तो खराब दात क्राऊनच्या सगळ्या 43 दातांना घासून येतो. जीपच्या चाकाचा घेर धरला तर हे अंतर साधारण 18 मीटर भरतं. गाडी अंगणातून रस्त्यावर येईपर्यंत अख्खा क्राऊन त्या दाताखालून गेलेला असतो, आणि आपण तो फडक्यानं पुसून “चांगला आहे” म्हणतो!

अशा क्राऊनवर कोरा पिनियन बसवला तर पहिल्याच भरलेल्या फेरीत हाऊसिंग घुमायला लागतं. मग दातांचा चुरा ऑइलमध्ये उतरतो आणि बेअरिंगं खातो. शेवटी पूर्ण सेट, बेअरिंगं, सील आणि दुसऱ्यांदा मजुरी, असं सगळंच भरावं लागतं. यात पैसे वाचले कुठे?

जुन्या बाजारातून अख्खा सेट घ्यायला हरकत नाही, पण दोन्हींवरचे नंबर जुळलेच पाहिजेत. नंबर घासून गेला असेल तर तो सेट तिथंच ठेवावा. बसवल्यावर दातांना रंग लावून ठसा कुठं उमटतो ते पाहावं आणि डायल गेजनं बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजावा. स्पायसर 44 साठी तो 0.005 ते 0.010 इंच, म्हणजे पाव मिलिमीटरपर्यंत असतो. हातानं हलवून हे माप कळत नाही.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“कव्हरचे बोल्ट मोजले की ॲक्सल ओळखता येतो.” नाही. स्पायसर 44, 60 आणि 70 या तिन्हींच्या कव्हरला 10 बोल्ट असतात, पण आतला क्राऊन तिघांचा वेगळ्या मापाचा. हाऊसिंगवरचा नंबर वाचा आणि दात मोजा.

“एक चाक उचलून एक फेरी फिरवली की रेशो कळतो.” साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं चाक जमिनीवर असेल तर तो आकडा निम्माच येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड, खाली घोडी. मग चाक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजा.

“मागून आवाज आला म्हणजे क्राऊन गेला.” वळणावर बदलणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो आणि गाडी सुटताना येणारा ठोका बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. हाऊसिंग सर्वांत शेवटी उघडा.

“90 नंबरचं ऑइल असलं की झालं.” 90 हा फक्त घट्टपणा. या ॲक्सलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतो, त्यामुळं दात एकमेकांवर जोरात घसरतात. तो दाब सोसायला डब्यावर जीएल-5 लिहिलेलं ऑइलच लागतं.

“सील पुन्हा गळतं म्हणजे सीलच डुप्लिकेट.” आधी हाऊसिंगचा ब्रीदर पाहा. तो चिखलानं बुजला की तापलेली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. नवं सीलही तसंच गळेल.

“पिनियनचा नट जितका आवळाल तितका चांगला.” आत दबणारी स्लीव्ह असेल तर जास्त आवळल्यावर ती कायमची चेपते. नट सैल करून ती पूर्ववत होत नाही, नवीच घालावी लागते.

पुढच्या वेळी हाऊसिंग उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा. क्राऊन आणि पिनियन पुसून घ्या, दोन्हींवरचे नंबर आणि दातांची संख्या वहीत उतरवून ठेवा आणि मेस्त्रींनाही दाखवा. “मेस्त्री, टाकायचा तर सेटच टाका,” एवढं ठामपणे सांगायला मग अडचण पडणार नाही.