फाइल ‘उडाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

असे फोन मला रात्री साडेनऊनंतर येतात. गेली वीस वर्षं मी डीटीपीची कामं करते, त्यामुळे सोसायटीत किंवा नात्यात कुणाच्याही कॉम्प्युटरला काही झालं की आधी मला विचारायचं, असा रिवाजच पडलाय. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘अगं, फाइल उडाली.’

हा ‘उडाली’ फसवा शब्द आहे. सेव्ह न करता बंद केलेली फाइल उडते, डिलीट केलेली उडते, भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसलेली उडते आणि उघडल्यावर अगम्य अक्षरं दाखवणारीही उडालेलीच असते. अपघात चार, इलाजही चार. मी पाहिलेल्या बऱ्याच फाइली अपघातात गेल्या नव्हत्या; अपघातानंतरच्या अर्ध्या तासात घाबरून जी खटपट केली, तिच्यात गेल्या होत्या.

‘सेव्हच केलं नव्हतं, आता कुठून येणार?’

खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त मुख्याध्यापक आहेत. शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायला दुपारी अडीचला बसले. पावणेसहाला चहाची हाक आली, त्यांनी खिडकी बंद केली आणि वर्डने विचारलं तेव्हा ‘डोन्ट सेव्ह’ दाबलं. ‘काहीतरी विचारत होतं, मी आपलं नको म्हटलं,’ असं त्यांनी मला सांगितलं.

‘काका, त्यानंतर काय काय केलंत?’

‘काही नाही गं. तुझी काकू म्हणाली बंद करून चालू करा, तेवढं केलं.’

यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. वर्ड मुळात दर १० मिनिटांनी उघड्या कागदाची एक प्रत बाजूला ठेवत असतो. पूर्वी आपण ‘नको’ म्हटलं की ती प्रतही पुसली जायची. वर्ड २०१० पासून मात्र, कधीच सेव्ह न केलेल्या कागदाची शेवटची प्रत तो राखून ठेवतो, तीही चारच दिवस. काकांच्या कॉम्प्युटरवर ‘फाइल’, मग ‘इन्फो’, मग ‘मॅनेज डॉक्युमेंट’ आणि त्यात ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ असं गेलो. एक फोल्डर उघडलं. आत एकच फाइल होती, नावात ‘अनसेव्हड’ आणि पुढे लांबलचक आकडा. उघडली तर सगळा लेख, फक्त शेवटचा परिच्छेद अर्ध्यावर तुटलेला. तो त्यांनी शेवटच्या काही मिनिटांत लिहिला होता. तिथल्या तिथे ‘सेव्ह अ‍ॅज’ करायला लावलं, कारण अशी सापडलेली प्रत तशीच बंद केली तर पुन्हा त्याच खेळात अडकायला होतं.

पाच-सात मिनिटांत काहीतरी टंकून बंद केलं असेल तर ही प्रत बहुधा तयारच झालेली नसते. तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा आठवतंय तोवर पुन्हा लिहिणं बरं.

‘आमच्या वर्डमध्ये ऑटोसेव्ह आहे’

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ऑटोरिकव्हर म्हणजे वर सांगितलेली दहा मिनिटांची प्रत. ती मुख्यतः लाइट गेली, कॉम्प्युटर हँग झाला, अशा वेळेसाठी असते. ऑटोसेव्ह म्हणजे वर डाव्या कोपऱ्यातलं ते छोटं बटण. फाइल वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत असेल तरच ते चालू होतं. फाइल नुसती डी ड्राइव्हवर असेल तर बटण दिसतं, पण सेव्ह काही होत नाही.

आणि जिथे ते खरोखर चालू असतं, तिथे वेगळीच गंमत. गेल्या वर्षीची सत्यनारायणाची निमंत्रणपत्रिका उघडायची, तारीख बदलायची आणि मग ‘सेव्ह अ‍ॅज’ करायचं ही आपली जुनी सवय. तुम्ही तिथवर पोचेपर्यंत ऑटोसेव्हने जुन्या पत्रिकेवरच नवी तारीख चढवलेली असते. अशी फाइल ‘व्हर्जन हिस्टरी’त जाऊन मागच्या तारखेची परत आणता येते. फाइल अजून उघडीच असेल तर त्याहून सोपं: कंट्रोल झेड. सेव्ह केल्यावर अनडू चालत नाही, असं बरेच जण मानतात. खिडकी बंद करेपर्यंत ते चालतं.

‘सगळीकडे शोधलं, नाहीच आहे’

बहुतेक वेळा असते. ईमेलमध्ये आलेली फाइल डाउनलोड न करता तिथूनच उघडली, तासभर दुरुस्त्या केल्या, कंट्रोल एस दाबलं, तर ती विंडोजच्या एका लपलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सेव्ह होते. ईमेलमधली मूळ प्रत तशीच राहते, आणि पुन्हा तीच उघडून लोक म्हणतात, सगळं गेलं. ‘डेस्कटॉपवर ठेवली होती’ म्हणणाऱ्यांचा डेस्कटॉप वनड्राइव्हने परस्पर आपल्या फोल्डरमध्ये हलवलेला असू शकतो; मग डेस्कटॉप नावाची दोन फोल्डर होतात आणि आपण रिकाम्यात शोधत बसतो. अशा वेळी फोल्डर उपसू नयेत. वर्ड उघडावं, ‘रिसेंट’ची यादी पाहावी. फाइल शेवटी कुठे सेव्ह झाली तो पत्ता नावाखालीच लिहिलेला असतो.

शोधताना ‘~$’ अशा चिन्हांनी सुरू होणारी फाइल सापडली तर हुरळून जाऊ नका. ती १६२ बाइटची असते आणि तिच्यात कागद कुणी उघडलाय एवढंच नोंदलेलं असतं, तुमचा मजकूर नसतो.

‘रिसायकल बिन रिकामा केला म्हणजे कायमची पुसली’, किंवा ‘सॉफ्टवेअरने काहीही परत येतं’

दोन्ही चूक, आणि दोन्ही थोडं थोडं बरोबर.

फाइल डिलीट होते तेव्हा सातबाऱ्यावरचं नाव खोडलं जातं. शेत जागेवरच असतं, उभं पीकही तसंच असतं. फक्त आता तिथे कुणीही नांगर घालू शकतो. डॉसच्या काळात हे उघड दिसायचं: फाइल पुसताना तिच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जाई, म्हणून १९९१च्या डॉस ५ मधली अनडिलीट ही आज्ञा परत आणताना तुम्हालाच ते पहिलं अक्षर विचारायची. आजही जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तत्त्व तेच आहे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल परत मिळू शकते. पेन ड्राइव्हचंही बव्हंशी तसंच. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

नांगर कोण घालतं? आपणच. माझं उदाहरण सांगते. डीटीपी सुरू केलं तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला एकच सी ड्राइव्ह होता. एका कवितासंग्रहाची अख्खी फाइल मी शिफ्ट धरून डिलीट केली. मग इंटरनेटवरून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि त्याच सी ड्राइव्हवर बसवलं. त्याला नव्वद पानांपैकी अकरा पानं सापडली. उरलेल्यांवर बहुधा ते सॉफ्टवेअरच बसलं होतं. कवींनी हस्तलिखित जपून ठेवलेलं होतं, म्हणून मी वाचले.

तेव्हा फाइल डिलीट झाली की त्या ड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही. ब्राउझर उघडणं हेसुद्धा लिहिणंच. मायक्रोसॉफ्टचं २०२० पासूनचं मोफत ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ तर स्रोत आणि परत आणण्याची जागा वेगवेगळ्या ड्राइव्हवर असल्याशिवाय कामच सुरू करत नाही. ते आज्ञा टंकून वापरावं लागतं, म्हणून लोक टाळतात. ‘फोटोरेक’ हेही मोफत. नाव फोटोचं असलं तरी ते वर्डच्या फाइलीही शोधतं. मूळ नावं मात्र परत येत नाहीत, आकडे घातलेल्या शेकडो फाइलींतून आपली निवडावी लागते.

एसएसडीचा हिशोब वेगळा. विंडोज ७ पासून डिलीट होताच एसएसडीला ‘ही जागा आता रिकामी’ असा निरोप जातो. त्याला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी स्वतःच ती जागा साफ करून टाकते, कधी कधी काही क्षणांत. तिथे पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर शून्यंच वाचतं. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ची पाटी पाहून पैसे भरण्याआधी आपल्याकडे हार्ड डिस्क आहे की एसएसडी, एवढं तरी विचारा. बंद पडलेली हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. तिच्या आत दव धरतं आणि मग तज्ज्ञालाही काही करता येत नाही.

‘कॉम्प्युटर चालूच होत नाही, म्हणजे गेलं सगळं’

कॉम्प्युटर आणि डिस्क या वेगळ्या वस्तू आहेत. डिस्क काढून यूएसबीच्या पेटीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फाइली दिसतात. दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाला तर आधी एवढं करून घ्या. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते. मग ४८ आकडी किल्ली लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

‘उघडते, पण सगळा कचरा दिसतो’

२००७ पासूनची वर्डची फाइल म्हणजे खरं तर झिपची थैली असते. नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला रोमन लिपीतली ‘पी’ आणि ‘के’ ही दोन अक्षरं दिसतात. झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. ती दिसली तर आशा आहे. फाइलच्या प्रतीचं नाव बदलून झिप करा, आत ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल उघडा. खुणांच्या जंगलात तुमचा मजकूर असतो. लाइट जाऊन बिघडलेल्या काही फाइलींचा आकार ४८ केबी वगैरे नीट दिसतो, पण आत नुसती शून्यं असतात. तिथे मूळ मजकूर उरलेलाच नसतो. दुसरी कुठली प्रत असेल तर ती शोधायची.

मराठीत आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात फाइलीला काहीच झालेलं नसतं. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी वडिलांच्या आठवणींची जुनी फाइल आणली. बिघडलेली फाइल वर्डने ‘रिकव्हर टेक्स्ट’ करून उघडली होती आणि सगळीकडे रोमन अक्षरांचा गाळ होता. ते ती टाकूनच देणार होते. पहिल्या ओळीत कॅपिटल एच, दोनदा के, जे, आर अशी अक्षरं दिसली. जुन्या फाँटच्या काळात टंकलेखन केलेल्याला हे लगेच ओळखू येतं: कृतिदेवमध्ये हा ‘भारत’ आहे. शुद्ध मजकूर परत आणताना वर्ड फाँट टाकून देतो आणि खालची किल्ल्यांची अक्षरं उघडी पडतात. सगळं सिलेक्ट करून कृतिदेव लावला, पान वाचता येऊ लागलं.

युनिकोडमध्ये नेताना मात्र वेळ लागला. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टंकतात आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टरने ‘निर्मळ’, ‘वर्षी’, ‘आशीर्वाद’ अशा शब्दांत रफार भलत्या अक्षरावर बसवला होता. ते हाताने सरळ करत सत्तावीस पानं झाली, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते.