सिमेंटचा पोल आणि कमरेचा पट्टा

मृगाचा पहिला सडाका पडतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या काळ्या मातीला वास सुटतो आणि नेमकी तेव्हाच गावाची लाइन जाते. वादळ नसतं, झाड पडलेलं नसतं, तरी अकरा केव्हीचा फीडर सबस्टेशनात ट्रिप झालेला असतो. कारण बहुतेक वेळा पोलाच्या टोकावर असतं. तार ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसते, त्याला लाइनमन चिमणी म्हणतात. मे महिन्यात यवतमाळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. उन्हात तापलेल्या चिमणीवर गार थेंब पडले की तिला तडा जातो. तड्यात पाणी शिरतं, वीज लोखंडी क्रॉस आर्मवरून जमिनीत उतरते आणि ब्रेकर पडतो.

हा तडा केसासारखा बारीक असतो, खालून दिसत नाही. मग लाइनमन फीडरवरचा एकेक पोल बघत चिखलातून निघतो. संशय आला की परमिट घ्यायचं, लाइन बंद करून घ्यायची आणि वर चढायचं. चिमणी शाबूत निघाली की उतरायचं आणि पुढच्या पोलाकडे जायचं. गावाला दिवे लागलेले दिसतात, त्याआधी कोण किती पोल चढून उतरला हे दिसत नाही.

तो चढतो कसा, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. चिखलाने भरलेले बूट तो पोलाच्या बुडाशी काढून ठेवतो, कारण ओल्या सिमेंटवर बुटापेक्षा अनवाणी तळवा बरा धरतो असा त्याचा अनुभव असतो. पोल चौकोनी, वर निमुळता होत गेलेला. दोन्ही तळवे पोलाच्या दोन बाजूंना दाबायचे, हातांनी वर ओढ घ्यायची, गुडघे उघडायचे, पुन्हा दाबायचे. कोणी पायात दोरीचा फास अडकवतो. कमरेचा पट्टा त्याच्याजवळ असतो, पण चढताना तो खांद्यावर लटकलेला असतो. वर पोचल्यावर एक हात पोलाला, दुसऱ्या हाताने पट्टा मागून फिरवून हुक लावायचा. म्हणजे जमिनीपासून टोकापर्यंतच्या सगळ्या वाटेत त्याला धरणारं काहीच नसतं. ते असतं फक्त टोकावर.

या लेखाचा विषय ही वाट आहे. लाइनमनसाठी चढण्याचं साधन निवडताना खरेदीच्या यादीत हेल्मेट, पट्टा, हातमोजे, शिडी अशी नावं येतात. पण साधन कोणत्या पोलासाठी आणि कोणत्या अंगासाठी, हा प्रश्न त्या यादीत नसतो.

पोल बदलला, चढणं तेच राहिलं

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात मुख्यमंत्री होते. 1969 साली केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ उभं केलं. त्या वर्षांत गावोगाव तारा गेल्या, विहिरींवर मोटारी बसल्या. लोखंडी गर्डरचे आणि जुन्या रुळांचे पोल आजही जिल्ह्यात दिसतात. पण लोखंड महाग पडतं आणि जमिनीलगत गंजतं. म्हणून ताण दिलेल्या पोलादी तारा आत घालून ओतलेला सिमेंटचा पोल आला. भारतीय मानक 1678 हे अशाच पोलांसाठी आहे. आज शिवारात जे दिसतात ते बहुतेक हेच.

चढण्याच्या साधनांचा जगातला इतिहास मात्र लाकडी पोलावर घडला. अमेरिकेतला लाइनमन पोटरीला लोखंडी आकडे बांधतो. त्यांचं टोक लाकडात रुततं आणि तो पायऱ्या चढावं तसा वर जातो. तिथेही हे काम पहिल्यापासून सुरक्षित नव्हतं. 1891 साली सेंट लुईसमध्ये वीज कामगारांची देशव्यापी संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते, आणि 1896 साली वॉशिंग्टनमध्ये काम करताना धक्का बसून पोलावरून पडल्यानेच त्यांचा मृत्यू झाला. वर पोचल्यावर बांधून घ्यायचं, चढताना मोकळं राहायचं, ही रीत त्या देशातही शतकभर चालली. 2014 साली तिथल्या नियमांत बदल झाला आणि साधारण सव्वा मीटरच्या वर चढताना-उतरतानाही पडण्यापासून संरक्षण हवं असं ठरलं. त्यातून पोलाला आवळणारे पट्टे रूढ झाले. पाय निसटला की असा पट्टा आपोआप पोलाला घट्ट बसतो, माणूस जागीच अडकतो.

आपल्या सिमेंटमध्ये लोखंडी आकडा रुतत नाही, त्यामुळे तो उपाय इथे जसाच्या तसा आणता येत नाही. पण सिमेंटचे पोल जगात इतरत्रही आहेत. चीनमध्ये गोल पोलाला कवेत घेणारे अर्धवर्तुळाकार लोखंडी चिमटे पायात घालतात. जपानमध्ये सिमेंटच्या पोलातच बोल्ट बसवायला जागा ठेवतात. पावलं टेकायचे हे बोल्ट जमिनीपासून 1.8 मीटरच्या वर सुरू होतात, म्हणजे पोरंसोरं चढू शकत नाहीत आणि कामगाराला मात्र वरपर्यंत पायऱ्या मिळतात. पायऱ्यांचा विचार तिथे पोल ओततानाच होतो. आपला पोल चौकोनी आणि निमुळता आहे. त्याला धरणारा चिमटा किंवा पट्टा बुडाशी घट्ट बसला तर टोकाला सैल पडतो. म्हणून खरेदीआधी पहिली कसोटी हीच लावायची: बुडापासून टोकापर्यंत रुंदी कमी होत जाते, तसं हे साधन आवळत जातं का?

सहा मीटरचं गणित

कमरेचा पट्टा आणि पूर्ण अंगाचा हार्नेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टा माणसाला पोलाशी टेकून उभं राहायला मदत करतो, दोन्ही हात मोकळे करतो. पडणाऱ्याला झेलणं हे त्याचं काम नाही. झेललंच तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. हार्नेसचे पट्टे मांड्यांभोवती, खांद्यांवरून आणि छातीवरून जातात. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये एक कडी असते. पडताना वजन मांड्यांवर आणि खांद्यांवर वाटलं जातं. भारतीय मानक 3521 यासाठीच आहे.

पण हार्नेस घेतला म्हणजे झालं असं नाही. त्याला जोडायची दोरी कोणती, यावर सगळं ठरतं. बांधकामावर वापरतात ती दोरी साधारण 1.8 मीटरची असते आणि तिच्यात झटका शोषणारा गुंडाळा असतो. माणूस पडला की तो गुंडाळा फाटत उलगडतो, पावणेदोन मीटरपर्यंत. पाठीच्या कडीपासून पावलापर्यंत दीड मीटर धरा, त्याखाली आणखी एक मीटर मोकळी जागा सोडा. बेरीज सहा मीटरच्या वर जाते. दोरी जिथे अडकवली तिथपासून खाली इतकी जागा लागते.

आता आपला लघुदाबाचा आठ मीटरचा पोल घ्या. दीड मीटर जमिनीत गेला की वर उरतो साडेसहा. लाइनमन टोकाशी काम करताना दोरी कमरेच्या उंचीला अडकवतो, म्हणजे जमिनीपासून पाच-साडेपाच मीटरवर. ती दोरी त्याला झेलेल, पण त्याआधी तो जमिनीला लागलेला असू शकतो. बहुमजली इमारतीवर जीव वाचवणारं साधन शिवारातल्या पोलावर अपुरं पडतं. इथे हवी ती आखूड दोरी, डोक्याच्या वर अडकवलेली, किंवा सतत पोलाला आवळून राहणारा पट्टा. सहा मीटरवरून पडायला जेमतेम एक सेकंद लागतो आणि जमिनीला लागताना वेग ताशी 39 किलोमीटर होतो. तेवढ्या वेळात काहीतरी धरून स्वतःला सावरेन, हा केवळ भ्रम आहे.

वाटेत क्रॉस आर्म येतो, ताणाची तार येते, केबल येते. तिथे पट्टा काढून पलीकडे लावावा लागतो. म्हणून दोन पट्टे हवेत: एक सोडण्याआधी दुसरा लागलेला असला पाहिजे. हुकही असे हवेत की दोन वेगळ्या हालचाली केल्याशिवाय उघडणार नाहीत. चुकून तारेला किंवा कोपऱ्याला दाबला गेला म्हणून हुक सुटता कामा नये.

झेलल्यानंतरची गोष्ट क्वचितच कोणी बोलतं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांतलं रक्त वर परतत नाही आणि तो काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो. त्याला लगेच खाली घ्यावं लागतं. म्हणजे खाली दुसरा माणूस हवा, क्रॉस आर्मवरून सोडायला दोर हवा आणि तो कसा सोडायचा याचा सराव हवा. एकट्याने पोल चढू नये, या नियमामागचं एक कारण हेही आहे.

माती, शिडी आणि पाऊस

साधनाआधी पोल तपासायचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षीच्या या हालचालीने पोल कलतो, ताण सैल पडतो. कललेल्या पोलावर माणसाचं वजन आणि तारेची ओढ एकदम आली की तो बुडातून जाऊ शकतो. लोखंडी पोल जमिनीलगत गंजून पोकळ झालेला असू शकतो. तिथे हातोडीने वाजवून आवाज ऐकायचा, आणि संशय आला तर चढायचं नाही. पोलच पडणार असेल तर पट्टा माणसाला त्याच्याशी बांधून ठेवतो.

शहरात माणसाला वर उचलणारी बादलीची गाडी लावून काम होतं. जुलैत उमरखेड किंवा राळेगावच्या कपाशीच्या वावरात ती गाडी नेणं शक्य नसतं. तिथे शिडीच कामाची, पण ती मोटारसायकलवरून नेता येण्यासारखी दोन-तीन तुकड्यांची हवी. बांबूची शिडी हलकी असते, पण भिजली की तिच्यातून वीज जाते. ॲल्युमिनियम तर धातूच. फायबरची शिडी महाग असली तरी या कामाला तीच योग्य. सहा मीटर उंचीला टेकवायची तर तिचे पाय पोलापासून दीड मीटरवर हवेत आणि वरचं टोक पोलाला बांधलेलं हवं. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून खाली रुंद फळी ठेवायची. ही फळी शिडीसोबत आली तरच वापरली जाईल.

वीज आधी, उंची नंतर

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. त्यात शेतकरी आहेत, घरातली माणसं आहेत, आणि पोलावर चढणारेही आहेत. पोलावरच्या माणसाला आधी धक्का बसतो, मग तो पडतो. हार्नेस दुसऱ्या गोष्टीपासून वाचवतो, पहिलीपासून नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत हे स्पष्ट होतं: तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून निर्धोक करायची, आणि काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगचं साधन, हेल्मेट, टेस्टर आणि दोर पुरवायचे. 2023 मध्ये हे नियम नव्याने आले. लाइन बंद म्हणजे तार मेली असं नाही. गावात कोणाचा जनरेटर चालू असतो, कोणाचा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असतो आणि उलटी वीज तारेत येते. म्हणून टेस्टरने तपासायचं आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडायची. हे केल्याशिवाय हार्नेसचा हुक हाती घेऊ नये.

रबरी हातमोजा दररोज तपासायचा: मनगटाकडून गुंडाळत आणायचा, आत हवा कोंडायची आणि कुठून सुटते का ते कानाजवळ ऐकायचं. टाचणीएवढं छिद्रही पुरेसं असतं. मोजा जाड असला की छोटा नट धरता येत नाही, मग तो काढून ठेवला जातो. म्हणून मोज्याची कसोटी व्होल्टनुसार जशी घ्यायची, तशी बोटांनी नट फिरवूनही घ्यायची.

या सगळ्याच्या बाहेर एक माणूस उरतो. गावकरी त्याला झिरो वायरमन म्हणतात. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर फ्यूज उडाला, ओलिताची घाई आहे, म्हणून गावातला एखादा धाडसी मुलगा काठीने फ्यूज टाकतो, पोलावर चढतो. त्याच्याकडे परमिट नसतं, पट्टा नसतो, विमाही नसतो. रात्रीची वीज आणि ओलिताची घाई त्याला वर चढवते. 2017 मध्ये सौर ऊर्जेतून शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीसोबत यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी निवडलं गेलं. शेतीला दिवसा वीज मिळाली तर अंधारात पोल चढण्याचे प्रसंग कमी होतील. लाइनमनच्या सुरक्षेचा हाही एक भाग आहे.

अंगाला बसेल तेच साधन

यवतमाळला 2017 चा खरीप विसरता येणार नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा संरक्षक कपडे का घातले नाहीत, असा प्रश्न फवारणाऱ्यालाच विचारला गेला. डोक्याएवढ्या कपाशीत, दमट उकाड्यात ते कपडे घालून दिवसभर काम होतं का, हा प्रश्न मागे पडला. पोलावर तीच चूक पुन्हा करू नये. साधन वापरलं नाही म्हणून माणसाला दोष देण्याआधी ते वापरण्याजोगं होतं का, हे पाहिलं पाहिजे.

पैनगंगेपलीकडे तेलंगणाने 2024 मध्ये ताडी काढणाऱ्या कामगारांसाठी ‘काटमय्या रक्षा कवचम’ या नावाने सुरक्षा संच द्यायला सुरुवात केली. ताडाचं खोड गोल आणि खडबडीत असतं, त्यामुळे तो संच आपल्या पोलाला चालणार नाही. पण एका विशिष्ट चढण्यासाठी वेगळा संच हवा, हे तिथल्या सरकारने मानलं. सिमेंटच्या पोलालाही तो मान मिळायला हवा.

आज महिला तंत्रज्ञही पोल चढतात. 2020 मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका महिला तंत्रज्ञाची शिडीविना पोल चढतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली, कौतुक झालं. ते कौतुक रास्तच होतं. पण तिच्या अंगाला बसेल असा हार्नेस तिला मिळाला पाहिजे, हा विचारही त्याच कौतुकातून निघाला पाहिजे. एकाच मापाचा हार्नेस सडपातळ मुलाला खांद्यावरून घसरतो आणि बाईला छातीवर काचतो. सैल हार्नेसमधून माणूस निसटू शकतो. कायम तंत्रज्ञ असो, विद्युत सहायक असो की कंत्राटी कामगार, पोलाची उंची सगळ्यांना सारखीच असते.

म्हणून खरेदीची पद्धत बदलावी असं मला मनापासून वाटतं. नमुना टेबलावर ठेवून पाहू नये. जुलैच्या चिखलात, तालुक्यातल्या एका आठ मीटरच्या ओल्या पोलावर तो चढवून पाहावा. चढणारे तिघे असावेत: पंचवीस वर्षं काढलेला लाइनमन, नुकता लागलेला मुलगा आणि एक महिला तंत्रज्ञ. दहा पोल चढून उतरल्यावर त्या तिघांनी कागदावर सही करावी. हार्नेसची तारीख लिहून ठेवावी आणि एकदा झेललेला हार्नेस पुन्हा वापरू नये. उन्हात कुजलेले धागे आणि डिक्कीतल्या तारेच्या तुकड्यांनी कापलेली शिवण रोज सकाळी हाताने चाचपावी.

दरवर्षी 4 मार्चला लाइनमन दिवस साजरा होतो, फुलं दिली जातात. त्या दिवशी प्रत्येक वितरण केंद्रात आणखी एक गोष्ट व्हावी: नव्या मुलाच्या अंगावर हार्नेस चढवून मांडीचे पट्टे जुन्या लाइनमनने ओढून पाहावेत, आणि पोलाच्या बुडाशी, जमिनीवर उभा असतानाच, त्याचा पट्टा पोलाभोवती लावावा. तो पट्टा चढताना पोलाला लागलेला असेल, वर काम करताना असेल, आणि काम आटोपून तडकलेली चिमणी पिशवीत घालून तो खाली येईल तेव्हा दोन्ही पावलं चिखलाला लागेपर्यंत सुटणार नाही.