वरिष्ठांचा निर्णय आणि लेखकाचें भिन्नमत

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचें दगडी धरण उभें आहे. १९२७ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणाच्या जलाशयास आज येसाजी कंकांचें नांव आहे. पावसाळ्यांत अशीं धरणें भरलीं म्हणजे खालीं पाणी सोडावें लागतें. तें कसें सोडावयाचें, हें सांगणारी नियमपुस्तिका प्रत्येक मोठ्या धरणावर असावी, असें २०२१ च्या धरणसुरक्षा कायद्याचें बंधन आहे. पाण्याच्या बाबतींत सावधगिरीचें मोल पुणेकरांस निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं तेव्हांच्या वेल्हे तालुक्यांतील पानशेतचें धरण फुटलें आणि पूर पुण्याच्या पेठांत शिरला.

आतां समजा, अशी एखादी पुस्तिका तयार होत आहे. पाणी सोडण्यापूर्वीं खालच्या गांवांना इशारा देण्याचें प्रकरण लेखकानें पहिल्या पानावर घातलें. वरिष्ठ म्हणाले, “मजकूर फार वाढतो, हें परिशिष्टांत घाला.” लेखकास तें धोक्याचें वाटतें. त्यानें काय करावें?

प्रथम मतभेदाची जात ओळखावी. शब्दयोजना, मांडणी, अक्षरांचा आकार यांविषयीं वाद असेल, तर आपलें मत एकदां सांगून निर्णय मान्य करावा. पुस्तिका संस्थेची असते, लेखकाची नव्हे. परंतु जेथें वाचणाराची फसगत होऊन कोणाच्या जिवावर बेतेल, तेथें गप्प बसणें हा कर्तव्याचा लोप होय.

तेथेंहि “मला हें पटत नाहीं” या वाक्याला वजन नाहीं. मध्यरात्रीं, भर पावसांत, विजेरीच्या उजेडांत पुस्तिका उघडणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यास परिशिष्ट सांपडेल काय, हा प्रश्न विचारावा. शक्य असेल तर दोन्ही मसुदे अशा कर्मचाऱ्याच्या हातीं देऊन पाहावें. मग पर्याय सुचवावा: पहिल्या पानावर इशाऱ्याची एक ठळक ओळ, तपशील परिशिष्टांत. यांत वरिष्ठांचा संक्षेपहि साधतो.

एवढ्यानेंहि निर्णय फिरला नाहीं, तर कारणांसह तारीखवार टिपण लिहून रीतसर वर पाठवावें. पाठीमागें कुरकुर करूं नये, मजकूर गुपचूप बदलूं नये. आणि जें खोटें आहे तें मात्र लिहूं नये.

असें टिपण नेहमींच यशस्वी होतें असें नाहीं. जुलै १९८५ मध्यें अमेरिकेंतील अभियंता रॉजर बॉइजोली यानें अवकाशयानाच्या रॉकेटांतील रबरी कड्यांच्या दोषामुळें मनुष्यहानि होईल, असें वरिष्ठांस लेखी कळविलें होतें. २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं थंडींतील उड्डाणास विरोध केला. व्यवस्थापकांनीं तो बाजूस सारला. दुसऱ्या दिवशीं ‘चॅलेंजर’ नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्यु पावले. टिपणानें उड्डाण थांबलें नाहीं. पण चौकशींत तें पुरावा म्हणून उभें राहिलें, आणि कड्यांचा सांधा नव्यानें आंखून झाल्यावरच १९८८ सालीं पुन्हां उड्डाण झालें.

निर्णय वरिष्ठांचा असतो. परंतु तो घेतांना त्यांच्यासमोर संपूर्ण माहिती होती कीं नाहीं, याची जबाबदारी लिहिणाराची आहे.