जमिनीत हंडा नसतो तेव्हा

डहाणू म्हणजे चिकू, तलासरी म्हणजे डोंगर आणि महामार्ग. इथं जमिनीखाली पुरातन काय असणार? हा समज 1955 मध्येच मोडला. त्या वर्षी डहाणू तालुक्यातल्या चिंचणीत ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. संजाण प्रांत तेव्हा सुगतिप ऊर्फ मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत वळण. त्यानं फुकट नावा चालवल्या, भात-वरण-तुपाचं अन्नछत्र घातलं आणि एका ब्राह्मणानं उभारलेल्या देवीच्या मठाला गाव लावून दिलं. पुढच्या शतकातल्या दुसऱ्या पटात तेलघाण्याचं दान आहे: देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि मठात येणाऱ्या विद्वानांच्या पायांना चोळायला!

दुसरा समज, सोनं निघालं तरच मोल, बाकी खापर. तलासरीपलीकडे, गुजरातेतल्या संजाणला 2002 ते 2004 दरम्यान उत्खनन झालं. तिथल्या बंदराचा व्यापार उलगडला तो खापरांवरूनच: पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची भांडी, चिनी मातीचे तुकडे. पण खापर बोलतं ते जागेवर असेतो. राखेच्या थराखाली होतं की वर, शेजारी काय होतं, यावरून काळ ठरतो. जेसीबीनं उपसून भरावात ओतलं की तेच खापर मुकं.

सगळ्यात घातक समज तिसरा: ‘कळवलं तर जमीन जाईल.’ या धास्तीनं सापडलेलं गुपचूप बुजवलं जातं. 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सरकारनं ते घेतलंच तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा असतो. लपवलं तर मात्र वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. जागा संरक्षित ठरवायची झाली तरी केंद्राच्या 1958 च्या कायद्यात आधी दोन महिन्यांची नोटीस आहे, हरकत घेता येते.

‘डहाणू तर संरक्षित आहेच,’ असंही म्हणतात. 1991 च्या अधिसूचनेनं तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला खरा. तिचा रोख मात्र उद्योगांवर आणि हिरवळीवर आहे. शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रण हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवतीचा. यादीत नसलेल्या पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेला, तो लागत नाही. फ्रान्सनं 2001 मध्ये कामाआधीच्या पुरातत्त्वीय तपासणीसाठी स्वतंत्र कायदा केला; आपल्याकडे प्रत्येक खोदकामाला लागू होईल असा कायदा नाही. आणि इथं तर बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, 2024 मध्ये केंद्रानं मंजूर केलेलं वाढवण बंदर, सगळं एकाच पट्ट्यात.

म्हणून चर खणताना काळी राख, विटांची ओळ किंवा हिरवा पडलेला पत्रा दिसला, तर काम तिथंच थांबवावं, वस्तू न हलवता फोटो काढावा आणि तलाठ्याला सांगावं. आणि तो पत्रा घरी नेऊन चिंचेनं मुळीच घासू नये.